लोफोटेनची सहा जणांची छायाचित्रण सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला आम्ही जळगावहून सहा जणांचा गट घेऊन नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर निसर्गाचे फोटो काढायला जातो. चोपडा, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार, भुसावळ अशा सगळीकडून फोन येतात आणि बरेचसे प्रश्न तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. नाव नोंदवण्याआधी शांतपणे वाचा, घरच्यांनाही वाचायला द्या.

हे लोफोटेन आहे तरी कुठे? आणि एवढ्या लांब तिथेच कशासाठी?

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, ६८ अंश अक्षांशाजवळ ही बेटांची माळ आहे. डोंगर थेट समुद्रातून उभे राहतात. पायथ्याला मच्छीमारांची लाल लाकडी घरं आहेत, त्यांना तिथे रोरबू म्हणतात. ई-१० नावाचा एकच मुख्य रस्ता पूल आणि बोगद्यांतून बेटं जोडत जातो आणि ओ नावाच्या गावाशी संपतो.

पण डोंगर आपल्याकडेही आहेत. आम्ही जातो ते तिथल्या उजेडासाठी. जळगाव साधारण २१ अंशांवर आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून ६३ अंशांच्या आसपास चढतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. सकाळी साडेआठनंतर सातपुड्याकडे कॅमेरा रोखला तर सगळं सपाट आणि पांढुरकं दिसतं, हा अनुभव तुम्हा सगळ्यांचा आहे. त्याच दिवशी लोफोटेनमध्ये सूर्य दुपारी बारालाही १६ अंशांच्या आसपासच असतो. दिवसभर उजेड तिरपा, सावल्या लांब.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. आपल्याकडे सूर्य क्षितिजातून जवळजवळ सरळ वर निघतो, तिथे तो क्षितिजाला घासत, कलत वर येतो. सहा अंश वर यायला त्याला आपल्याकडे २५ मिनिटं लागत असतील, तर तिथे तासाभराहून जास्त लागतात. तापीकाठी पहाटेचा जो गुलाबी-सोनेरी रंग ट्रायपॉड उघडेपर्यंत निघून जातो, तो तिथे थांबतो. जागा बदलता येते, चुकलेला फोटो पुन्हा घेता येतो, शेजारच्याला विचारता येतं. शिकणाऱ्या माणसाला याहून मोठी देणगी नाही. मी गट घेऊन तिथे जातो ते याच कारणासाठी.

सहाच जण का? दहा जण घेतले तर खर्च कमी होईल ना?

होईल. तरीही सहाच घेतो. हामनोयच्या पुलावरून लाल घरं आणि मागे उभा डोंगर असा जो फोटो तुम्ही शंभरदा पाहिला असेल, तो काढायला पुलाच्या कठड्याशी ट्रायपॉड लावावे लागतात आणि जागा थोडी असते. शिवाय पहाटेच्या त्या तासात मला प्रत्येकाच्या कॅमेऱ्याची चौकट दोनदा तरी पाहायची असते. सहा जणांच्या पुढे ते शक्य नाही, हे मी करून पाहिलं आहे.

सहा माणसं एका गाडीत मावतात, एका घरात राहतात, एका टेबलाशी जेवतात. रात्री जेवणानंतर सगळ्यांचे फोटो पडद्यावर लावून बोलतो, तेव्हा कुणी गप्प राहू शकत नाही.

रोज किती ठिकाणं दाखवता?

दोन. कधी एकच. हे उत्तर ऐकून काही जण नाराज होतात, म्हणून स्पष्ट लिहितो. ही ठिकाणं बघत फिरण्याची सहल नाही. दहा दिवसांत आम्ही फक्त लोफोटेन करतो. ऑस्लो शहर विमान बदलण्यापुरतं लागतं. दोन मुक्काम असतात, एक राईनेच्या बाजूला आणि एक लेकनेसच्या बाजूला, आणि त्याच जागी दोन-तीनदा परत जातो.

स्कागसांडेनच्या किनाऱ्याचं उदाहरण घ्या. तिथे काळी आणि पांढरी वाळू मिसळलेली आहे. ओहोटीला पाणी उतरतं तेव्हा त्या वाळूत झाडांच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते आणि ती दर ओहोटीला वेगळी असते. पहिल्या दिवशी सगळे डोंगराचा फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी नजर पायाखाली जाते. तिसऱ्यांदा गेल्यावर माणूस अर्धा तास कॅमेरा न काढता नुसता चालतो, मग एक जागा धरून बसतो. तो तिसरा दिवस हवा असेल तर आमच्याबरोबर या. आठ दिवसांत चार देश बघायचे असतील तर त्यासाठी दुसऱ्या चांगल्या सहली आहेत आणि त्यातही आनंद आहे.

उत्तर प्रकाश नक्की दिसेल का?

नक्की असं कुणीच सांगू शकत नाही. जो सांगेल त्याच्याकडे पैसे भरू नका.

सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि साधारण १०० ते ३०० किलोमीटर उंचीवर हवेतल्या प्राणवायूवर आणि नत्रवायूवर आदळतात. हिरवा रंग प्राणवायूचा, खूप उंचावरचा लालही त्याचाच. खालची जांभळी-गुलाबी किनार नत्रवायूची. मे २०२४ मधलं सौरवादळ इतकं जोरदार होतं की लडाखमधल्या हानलेहूनही लाल झाक कॅमेऱ्यात टिपली गेली. लोफोटेन मात्र या प्रकाशाच्या पट्ट्याखालीच येतं, त्यामुळे तिथे वादळाची गरज नसते. केपी निर्देशांक, म्हणजे या हालचालीचा जोर सांगणारा ० ते ९ मधला आकडा, १ किंवा २ असला तरी पुरतो. अडचण असते ती ढगांची.

मार्चची सुरुवात निवडण्याचं कारण इथे येतं. डिसेंबरच्या सुरुवातीपासून साधारण महिनाभर तिथे सूर्य उगवतच नाही. मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत तो मावळत नाही, म्हणजे रात्रच नाही. मार्चमध्ये दहा-अकरा तासांचा दिवस आणि गडद रात्र, दोन्ही मिळतात. एका गटाला पाच रात्री प्रकाश दिसला, एका गटाला दहांपैकी फक्त एकदा, तोही वीस मिनिटं.

डोळ्यांना तो फोटोतल्याइतका झगझगीत दिसेलच असं नाही. फिका असला तर राखाडी ढगासारखा वाटतो. पण जोरात आला की कॅमेऱ्याची आठवण राहत नाही. तुम्ही पहिली पाच मिनिटं नुसतं वर बघावं, असं मी दर वेळी सांगतो.

तठे थंडी कितली ऱ्हास, भाऊ? आम्ही मे महिन्यात ४५ अंशांत राहणारे लोक.

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. अटलांटिकचा उबदार प्रवाह त्या किनाऱ्याला लागून जातो, म्हणून इतक्या उत्तरेला असूनही मार्चमध्ये तापमान शून्याच्या आसपास राहतं. कधी उणे पाच-सात, कधी अधिक तीन. खरा त्रास वाऱ्याचा. समुद्रावरून सुटलेला वारा ट्रायपॉड पाडतो आणि उघड्या बोटांना मिनिटभरही टिकू देत नाही.

कपडे तीन थरांत. आत अंगाला चिकटून बसणारे लोकरीचे किंवा थर्मल कपडे, मधे फ्लीस किंवा पिसांचं जॅकेट, बाहेर वारा-पाऊस अडवणारं कवच. आणि कापूस नको. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे सांगताना जड जातं, पण सुती बनियन घाम शोषून ओलं राहतं आणि ते ओलं बनियनच तुम्हाला गारठवतं. मोजेही लोकरीचे.

हातमोज्यांचे दोन जोड घ्या. पातळ जोड बटणं दाबायला, त्यावर जाड जोड थांबायला. बूट पाणी आत न घेणारे आणि एक नंबर मोठे, म्हणजे जाड मोजा मावेल. बर्फावर चालण्यासाठी बुटांना अडकवायचे खिळ्यांचे पट्टे आम्ही तिथे देतो. केळीला पाणी भरताना घालतात तसे गुडघ्यापर्यंतचे गमबूट असतील तर ते जरूर आणा, किनाऱ्यावर त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

कॅमेरा कोणता लागतो? नवीन घ्यावा लागेल का?

तुमच्याकडे लेन्स बदलता येणारा कोणताही कॅमेरा असेल तर तो पुरेल. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी ट्रायपॉडवर करा. वाऱ्यात हलका ट्रायपॉड कामाचा नाही, पाय जाड हवेत. त्यानंतर एक रुंद कोनाची लेन्स, शक्यतो एफ २.८ उघडणारी. रात्रीच्या प्रकाशासाठी आम्ही आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० आणि तीन ते दहा सेकंदांचं एक्स्पोजर इथून सुरुवात करतो. ७०-२०० लेन्स घरी ठेवू नका. दूरच्या डोंगरावर पडलेला उजेडाचा एकच पट्टा तिनंच पकडता येतो, आणि बरेचदा परतल्यावर तोच फोटो सगळ्यांत आवडता ठरतो.

फिल्टरमध्ये चकाकी कमी करणारा पोलरायझर आणि उजेड अडवणारा सहा स्टॉपचा एनडी पुरे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). लाटांसाठी खूप लांब एक्स्पोजर सगळे करतात, पाणी धुक्यासारखं होतं. मला अर्ध्या सेकंदाच्या आसपासचं जास्त आवडतं. परतणाऱ्या पाण्याच्या रेषा त्यात राहतात, पाण्याचा जोर दिसतो.

बर्फाचा फोटो काढताना एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा, नाहीतर कॅमेरा पांढऱ्या बर्फाला राखाडी करून टाकतो.

थंडीत कॅमेरा बंद पडतो म्हणतात, खरं का?

कॅमेरा सहसा नाही, बॅटरी मात्र लवकर उतरते. तीन बॅटऱ्या हव्यात आणि दोन कायम आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. उतरलेली वाटणारी बॅटरी गरम झाली की थोडी परत चालते. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायच्या. पॉवर बँक १०० वॅट-तासांच्या आत हवी, म्हणजे २०,००० एमएएचची चालते.

धोका असतो तो बाहेरून आत येताना. गारठलेला कॅमेरा गरम खोलीत उघडला की हवेतली वाफ त्यावर जमते, थेट लेन्सच्या आतही. माझ्या पहिल्या सहलीत मी रात्री दहा वाजता घरात येऊन कॅमेरा टेबलावर ठेवला. पंधरा मिनिटांनी बाहेरून कुणीतरी हाक मारली, आकाश हिरवंगार झालं होतं, आणि माझ्या लेन्समध्ये धुकं होतं. अर्धा तास काच पुसत बसलो, आतलं धुकं काही गेलं नाही. ती रात्र अजून सलते. म्हणून आता नियम आहे : बाहेर असतानाच कॅमेरा बॅगेत घालून चेन लावायची, कार्ड आधी काढून घ्यायचं, आणि आत आल्यावर दोन तास बॅग उघडायची नाही.

चार्जरचं सांगायचं तर आपला बारीक गोल दोन पिनांचा प्लग तिथे बसतो, वीजही २३० व्होल्टचीच आहे.

समुद्राजवळ धोका असतो का?

असतो, आणि या एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. उट्टाक्लाईव्हचे गोल गुळगुळीत दगड सुंदर आहेत आणि ओले असले की साबणासारखे घसरतात. गेल्यावर पहिली दहा मिनिटं कुणीही कॅमेरा काढत नाही. लाटा कुठवर येतात ते बघत उभं राहायचं. दगड ओला दिसतोय म्हणजे लाट तिथवर आली होती, आणि पुन्हा येईल. पाण्याकडे पाठ करायची नाही. लाटेनं ट्रायपॉड पाडला तर पडू द्यायचा, मागे धावायचं नाही.

राईनेब्रिंगेनवर चढायचं का, असंही विचारतात. नेपाळच्या शेर्पांनी तिथे दगडी पायऱ्या बांधल्या आहेत आणि वरून दिसणारं दृश्य अप्रतिम आहे, पण हिवाळ्यात त्या उतारावर हिमकडे कोसळतात. आम्ही नेत नाही.

हवामान बिघडलं तर दिवस वाया जातो का?

आम्ही यर ही नॉर्वेची हवामानसेवा दिवसातून चारदा पाहतो. बेटाच्या एका बाजूला हिमवर्षाव आणि तासाभराच्या अंतरावर उघडं आकाश, असं पुष्कळदा होतं. आणि वादळ सरतानाचा जो अर्धा तास असतो, ढग फाटून एकाच कड्यावर उजेड पडतो, त्यासारखा फोटो निरभ्र दिवशी मिळत नाही. खरंच बाहेर पडता येत नसेल तर घरात बसून फोटो संस्करण शिकतो. बुडोहून बेटांवर जाणारी छोटी विमानं वाऱ्यामुळे रद्द होतात, त्यासाठी परतीच्या बाजूला एक दिवस राखून ठेवलेला असतो. तरीही नाही जमलं तर मोस्केनेसहून बुडोला फेरी आहे, साडेतीन-चार तास लागतात. बोट लागत असेल तर गोळ्या बरोबर ठेवा.

मी केळी उत्पादक आहे, आयकर विवरणपत्र भरत नाही. व्हिसा मिळेल का?

रावेर-यावलकडून हा प्रश्न नेहमी येतो. व्हिसा देणं न देणं दूतावासाच्या हातात आहे, पण शेतकरी असणं ही अडचण नाही, कागद नसणं ही अडचण आहे. तुमचं उत्पन्न आणि तुम्ही परत येणार याची खात्री, दोन्ही कागदावर दिसलं पाहिजे. सात-बारा आणि आठ-अ, त्यांचं इंग्रजी भाषांतर, केळी विक्रीच्या पावत्या, आणि मुख्य म्हणजे ती रक्कम बँकेत जमा झालेली दिसणं. व्यापाऱ्याकडून रोख घेऊन घरात ठेवले असतील तर ते पैसे व्हिसाच्या फाइलमध्ये नाहीतच असं समजा. अर्जाच्या आठवडाभर आधी भावाकडून मोठी रक्कम खात्यात टाकून घेतली तर उलट शंका येते. आयकर लागत नसला तरी विवरणपत्र भरायला सुरुवात करा, पुढच्या वर्षांसाठीही उपयोगी पडेल.

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, म्हणून शेंगेन व्हिसा लागतो. शुल्क प्रौढांसाठी ९० युरो, केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आम्ही नोव्हेंबरातच करायला लावतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागतं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा, दोन पानं कोरी हवीत, आणि ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे.

एक काम मुंबई विमानतळावर जातानाच करा. महागडे कॅमेरे-लेन्स कस्टमला दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत येताना ते तिकडे विकत घेतले नाहीत हे सिद्ध करावं लागत नाही. त्यासाठी तासभर आधी पोहोचा.

शाकाहारी माणसाचं काय? तठे खावाले काय भेटी?

आपलंच. रोरबूत स्वयंपाकघर असतं आणि आम्ही रोज रांधतो. भाजीपाला, तांदूळ, दूध, दही, ब्रेड सगळं लेकनेसच्या दुकानांत मिळतं, फक्त महाग. इथून कळण्याचं पीठ, काळा मसाला, कोरडी शेंगदाण्याची चटणी, शेव, पापड आणा. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाताना खिडकीबाहेर बर्फ पडत असतो, तेव्हा सगळे एकदम बोलायचे थांबतात.

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, दूध पावडर बॅगेत घालू नका. बटाटेही नाहीत. आणि वांगी तिथे मिळाली तरी भरीत घरात भाजायचं नाही. छताला धुराची घंटा असते, मिरचीची फोडणी जोरात बसली तरी ती वाजते. आधी खिडकी उघडायची, मग तेल तापवायचं.

शाकाहारी मंडळींना आधीच सांगून ठेवतो : फेब्रुवारीपासून मेपर्यंत गावोगावी लाकडी मांडवांवर कॉड मासे जोडीजोडीनं टांगून वाळत घातलेले असतात. बॅरेन्ट्स समुद्रातून हे मासे हिवाळ्यात अंडी घालायला इथे येतात आणि त्यांच्यावरच ही गावं शतकानुशतकं जगली. वास येतो. दोन दिवसांत सवय होते, आणि ते मांडव फोटोसाठी विलक्षण आहेत.

वय ५८ आहे, गुडघे दुखतात. चालेल का?

पाटणादेवीच्या जंगलातल्या पायवाटेवर ट्रायपॉड घेऊन दोन तास फिरता येत असेल तर चालेल. बहुतेक जागा गाडीपासून दहा-पंधरा मिनिटांवर आहेत.

मी एकटी बाई, गटात ओळखीचं कुणी नाही.

ताई, जरूर या. स्त्रियांना वेगळी खोली असते. गट ठरला की जानेवारीत सगळ्यांची घरच्यांसह भेट घडवून आणतो, तेव्हा माणसं पारखून घ्या. मन घेत नसेल तर त्या दिवशीही नाव मागे घेता येतं, व्हिसाचा खर्च सोडून सगळे पैसे परत.

फक्त मोबाइलवर काढले तर?

चालेल. मोबाइलसाठी ट्रायपॉडचा क्लॅम्प आणा.

ड्रोन आणू का?

कॅमेरा असलेल्या ड्रोनसाठी तिथे चालक म्हणून नोंदणी आणि विमा लागतो, उंची १२० मीटरपर्यंत, विमानतळाजवळ आणि राखीव क्षेत्रांत मनाई. पहिल्या वेळी नकोच.

लोकांच्या घरांचे, अंगणांचे फोटो काढता येतात?

नॉर्वेत १९५७ च्या कायद्यानं मोकळ्या रानात कुणालाही पायी फिरायचा हक्क आहे. पण घराचं अंगण म्हणजे रान नाही. त्या सुंदर लाल घरांत माणसं राहतात, मुलं शाळेत जातात. आपल्या गल्लीत पहाटे पाचला सहा अनोळखी माणसं ट्रायपॉड लावून उभी राहिली तर आपल्याला कसं वाटेल, तेवढं लक्षात ठेवायचं. गाडी फक्त ठरलेल्या जागी लावतो, रस्त्याच्या कडेला नाही.

खर्च असा कमी-जास्त का होतो?

क्रोन या नॉर्वेच्या चलनाचा भाव आणि विमानभाडं रोज बदलतं. म्हणून पक्की रक्कम निघण्याच्या तीन महिने आधी लेखी देतो आणि नंतर बदलत नाही. त्यात राहणं, गाडी, दोन वेळचं जेवण, शिकवणं येतं. विमान, व्हिसा, विमा वेगळे. परदेश सहलीवर टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) घेतला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घ्या, पावती जपून ठेवा.

तारखा होळीला आडव्या येतात का?

नाही. नंदुरबारच्या मंडळींना काठीची राजवाडी होळी चुकवायची नसते, मलाही नाही. पंचांग पाहूनच तारखा धरतो.

नाव कसं नोंदवायचं?

तीन फोटो पाठवा. तिन्ही खानदेशातले, तुमच्या घरापासून तासाभराच्या आतल्या एकाच जागेचे, तीन वेगवेगळ्या दिवशी काढलेले. मेहरूण तलाव, तापीचा पूल, लळिंगचा किल्ला, तुमचं स्वतःचं शेत, काहीही चालेल. फोटो उत्तम असावेत अशी अट नाही. त्याच जागी तुम्ही तिसऱ्यांदा गेलात की नाही, एवढंच मी बघतो.

निवड झाली की डिसेंबर-जानेवारीत तीन सरावशिबिरं असतात आणि ती सोडता येत नाहीत. तोरणमाळला पहाटेच्या गारठ्यात हातमोजे घालून कॅमेरा चालवायचा, सातपुड्यातल्या पाल गावाच्या अंधारात ताऱ्यावर हातानं फोकस करायचा, आणि मेहरूणला फिल्टर लावून पाण्याचे फोटो काढायचे. डोळे मिटून ट्रायपॉडची प्रत्येक कळ सापडली पाहिजे. पहिलं शिबिर डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, पहाटे साडेचारला जळगावहून निघतो.